उतार नाल्याकडे आहे

मी, परसराम सीताराम पुस्तोडे, वय वर्षे छप्पन्न, धंदा शिक्षकी (विषय संस्कृत), राहणार मौजा सलंगटोला, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे आणि आरंभीच एक तक्रार नोंदवीत आहे.

तक्रार छत्रीविषयी आहे. तहसील कचेरीसमोर टेबल मांडून बसणारे अर्जनवीस भोजराज यांना मी कच्चा मसुदा दाखवला. त्यांनी पहिल्याच कलमावर लाल रेघ मारली.

"गुरुजी, छत्री नाई लिवत मृत्युपत्रात. घर लिवा, वावर लिवा. छत्री कायले?"

"कायद्यात मनाई आहे का?"

"मनाई नाई जी. पन लोक हासतीन."

तीस वर्षे मुलांना विभक्ती शिकवणाऱ्याला हसण्याची भीती घालणे म्हणजे मासे धरणाऱ्या ढिवराला पाण्याची घालण्यासारखे आहे. पण वस्तू क्षुल्लक म्हणून तिला दस्तऐवजातून हाकलावे, हा अन्याय मला सहन होत नाही. लोकांनी अवश्य हसावे. छत्री पहिल्या कलमातच राहील.

माझे मन ठिकाणावर आहे. हृदय नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी येत्या चौदा तारखेला ते उघडून पाहायचे ठरवले आहे. आत काय सापडेल याची माहिती त्यांच्यापेक्षा मला अधिक असल्याने त्यांच्या आधी मीच उघडतो. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी सैपाकघरातून दर दहा मिनिटांनी "झालं का नाई अजून?" असे विचारते, पण तो दबाव कायदा धरत नाही, असे भोजराज सांगतात.

कलम १. छत्री एक, काळी, लाकडी मुठीची, एक काडी वाकलेली. ही मी माझा मुलगा पीयूष याला देतो. अट एकच: ती फक्त पावसात उघडावी.

मी ती बारमाही उघडत आलो. सन २००० पासून दर रविवारी सकाळी दहा वाजता मी घरून निघतो, तलावाच्या पाळीवरून चालतो आणि ढिवर मोहल्ल्यात शेवटच्या घरी जातो. तिथे चार कुटुंबे येशू ख्रिस्ताची प्रार्थना करायला बसतात. मी पाचवा. जाताना छत्री उघडी आणि खाली ओढलेली, इतकी की समोरून येणाऱ्याला माझे धोतर दिसावे, तोंड दिसू नये. गावात एकच माणूस धोतर नेसून छत्री घेऊन फिरतो, हे माझ्या ध्यानात आले नाही. संस्कृत शिकल्याने माणूस हुशार होतोच असे नाही.

कलम २. राहते घर, परसबाग, विहीर व आतील सर्व भांडीकुंडी माझी पत्नी सौ. चंद्रकांता हिला. तिने आपल्या देव्हाऱ्यातले देव कधी हलवले नाहीत आणि मला कधी अडवले नाही. बाप्तिस्मा मी गोरेगावच्या पलीकडे एका ओढ्यात घेतला, जिथे म्हशींखेरीज कोणी पाहणारे नव्हते. अंग पुसून शेवटच्या एस्टीने घरी आलो, तेव्हा ती म्हणाली, "केस ओले दिसते तुमचे. पानी आला का तिकडे?" मी म्हणालो, "हो, आला." मे महिना होता. दुसऱ्या रविवारी मी निघालो तेव्हा ती छत्री हातात देत म्हणाली, "घ्या. मानसाईपासून लपाल. वरतून पायनाऱ्याले तर निस्ती छत्रीच दिसन ना."

अकरा वर्षांत माझ्या विश्वासावर झालेले हे सर्वांत नेमके भाष्य आहे, आणि ते अविश्वासी बाईने केले.

कलम ३. संस्कृत ग्रंथ, एकूण दोन कपाटे, मी शिकवलेल्या शाळेला. त्यातला मोठा कोश कपाटात मिळणार नाही. तो हिंदीचे शिक्षक श्री. भुवनेश्वर यांनी १९९९ साली "दो दिन के लिए" नेला. त्यावरून मी त्यांच्याशी सहा वर्षे चहा घेतला नाही. तो कोश आता त्यांना दिला असे समजावे, कारण मेलेले परत येतील असे मी मानतो, पण तो कोश परत येईल असे मानण्याइतका माझा विश्वास मोठा नाही. हे वैर मी येथे सोडतो. ज्याच्या स्वतःच्या नावावर पाचवे कलम आहे त्याने दुसऱ्याचा कोश मोजू नये.

कलम ४. पाचव्या कलमाआधी धुरपताबाई कोण हे सांगणे भाग आहे.

धुरपताबाई वलथरे. ढिवर. आमच्या तलावातले मासे टोपलीत घेऊन दारोदार विकायची. एकदा टोपली ओट्यावर ठेवून म्हणाली, "गुरुजी, माह्या डोऱ्यात मोतीबिंदू झाला. शास्त्र वाचता येऊन नाई राहिलं. पोरगी वाचते, पन लय अडखळते. तुमी येऊन वाचून देता का?" तिचे शास्त्र म्हणजे ख्रिस्ताचे. मी कुतूहलाने गेलो. सुरुवातीला भाषांतरातल्या चुका मनात मोजत वाचत असे. चौथ्या की पाचव्या रविवारी तिने मध्येच थांबवले.

"गुरुजी, तुमी वाचता लय चांगलं. पन तुमाले समजून राहिलं का?"

वर्गात हे वाक्य मी हजार वेळा उच्चारले आहे. ते माझ्याकडे प्रथमच आले. समजत नव्हते. त्या दिवसापासून मी समजण्यासाठी वाचू लागलो आणि सापडलो.

मला मात्र एक शंका कायम छळत असे. मी स्वभावाने परीक्षक. रोज स्वतःचा पेपर तपासायचो आणि रोज नापास व्हायचो. एकदा तिला विचारले, माझ्यासारख्याचा हात देव मध्येच सोडून देणार नाही कशावरून? ती ओट्यावर जाळे विणत होती.

"मासा जाऱ्याले धरून रायते का गुरुजी? जारं मासाले धरते."

"पण बाई, त्यात मासा मरतो."

"आता उदाहरनबी तुमाले जित्तं पाह्यजे का?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने तिची मुलगी गीताबाई. मी घरी येईपर्यंत हसत होतो, छत्रीखाली.

कलम ५. सर्व मृत्युपत्रांत एक वाक्य असते की, यापूर्वी केलेले लेख याद्वारे रद्द समजावेत. मी यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. रद्द करण्याजोगा लेख माझ्या हातून एकच झाला आहे. दिनांक २१ ऑगस्ट २००६ ची, वहीच्या पानावर निळ्या शाईने लिहिलेली, तीन ओळींची चिठ्ठी. ती मी रद्द करतो. खाली तिची हकीकत देतो, कारण हकीकत न सांगता रद्द करणे म्हणजे पुन्हा छत्री उघडणे होईल.

त्या दिवशी पहाटे धुरपताबाई वारली. तिची इच्छा मातीत पुरण्याची होती. गावात विश्वासणाऱ्यांसाठी दफनाची जागा नाही. गीताबाईने तलावाच्या पाळीपलीकडची सरकारी पडीत जागा मागितली. चौकात माणसे जमली. कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी धर्म काढला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण माझ्या गावावर मला माझा दोष लादायचा नाही. लोकांना शंका एकच होती: तिथे प्रेत पुरले तर पावसाचे पाणी तिथून तलावात येईल काय? त्या तलावात आम्ही आंघोळ करतो, गुरे पाजतो. शंका वाजवी होती.

पोलीस पाटील चुन्नीलालजी रहांगडाले मूळ गोरेगावकडचे, पोवार. ते माझ्याकडे वळले.

"गुरुजी, मी बाहेरचा. तुमी कोहळी. हा तलाव तुमच्याच पुरखाईनं बांधला. तुमीच सांगा, थ्या जागेवरचा पानी कोनीकडं जाते? तुमी म्हनान थे आमाले कबूल."

हे नीट वाचावे. मला कोणी विचारले नाही की, तू ख्रिस्ती आहेस काय. कोणी विचारले नाही की, ही बाई तुझी कोण. कोणी दगड उचलला नव्हता. मला फक्त पाण्याचा उतार विचारला होता. कोहळ्याला उतार विचारणे म्हणजे सोनाराला सोने विचारणे. आमच्या पिढ्यांनी पाणी कुठे जाऊ पाहते एवढे एकच शास्त्र जपले, त्यावरच हे तलाव उभे राहिले. त्याच जागेवर मी दहा वर्षांचा असताना माझ्या आजोबांनी लोटाभर पाणी ओतून मला दाखवले होते. उतार नाल्याकडे आहे. तिथले पाणी तलावात चढवायचे म्हटले तर पंप बसवावा लागेल.

मी म्हणालो, "तलावाकडे."

का म्हणालो? त्या क्षणी मनात एवढेच आले की, "नाल्याकडे" म्हटले तर कोणीतरी विचारील, गुरुजींना त्या लोकांची एवढी काळजी काऊन? आणि छत्री मिटावी लागेल.

चुन्नीलालजी म्हणाले, "मंग गोठ मिटली. एवढं लिहून द्या गुरुजी, उद्या कोनी वाद नाई घालाव." मी लिहून दिले. अक्षर सुवाच्य आहे. खाली सही, हुद्दा, तारीख.

मेटॅडोर चुन्नीलालजींनीच मिळवून दिली. धुरपताबाईला गोंदियाच्या कबरस्तानात नेले. साठ-पासष्ट किलोमीटर, ताडपत्री फाटलेली, वरून श्रावणाची धार. गीताबाई आईजवळ फळीवर बसली होती. मला विचारले, "येता का गुरुजी?" मी म्हणालो, शाळा आहे. शाळा खरोखर होती. त्या दिवशी मी दहावीला सत्यावरची सुभाषिते शिकवली. मुलांनी ती पाठ केली. चांगली पाठ केली.

पुढच्या रविवारी मी गेलो. गीताबाईने मला पाट दिला आणि म्हणाली, "तुमालेबी वाईट वाटलं असन गुरुजी. पन पानी कोनाच्या बापाचं आयकते का?"

तिने माझा शब्द खरा धरला होता. अजूनही धरते. आईच्या कबरेवर फुले ठेवायला ती वर्षातून दोनदा गाडीने गोंदियाला जाते आणि परत येताना माझ्यासाठी पेढे आणते.

तेव्हा मी लिहून देतो की, त्या जागेचा उतार नाल्याकडे आहे. हे मला त्या दिवशी ठाऊक होते. मी खोटे सांगितले, आणि खोटे लिहिले.

कलम ६. त्या पडीत जागेला लागून माझी एक बांधी आहे, गट क्रमांक ११८ पैकी दहा आर. तिथे धान बरे होते. ती मी ग्रामपंचायतीस देतो, ती अशासाठी की, ज्या कोणाला, मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो, गावात माती मिळत नसेल त्याला तिथे मिळावी. रीतसर परवानगी घ्यावी. उरलेले शेत पीयूषला. त्याने ते विकू नये असे मी म्हणणार नाही. उपदेश करण्याचा माझा अधिकार कलम ५ मध्ये संपला.

मला याच बांधीत पुरावे. परवानगी येण्याआधी मी गेलो तर मला गोंदियाला न्यावे, मेटॅडोरने, आणि पाऊस असल्यास तसेच न्यावे. छत्री सोबत देऊ नये.

कलम ७. आजोबांची लाकडी पाणसळ माळ्यावर पोत्यात आहे. उतार मोजण्याचे हत्यार. त्या दिवशी ती खाली काढायला मला पाच मिनिटे लागली असती. ती चुन्नीलालजींना द्यायची होती, पण ते आता साक्षीदार आहेत आणि भोजराज म्हणतात की, साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही. म्हणून शाळेला. मुलांनी ती बांधीवर नेऊन ठेवावी आणि स्वतः पाहावे. माझ्या शब्दावर जाऊ नये.

दुसरी साक्षीदार गीताबाई, म्हणून याच कायद्यामुळे तिलाही मी काही देत नाही. आधी तिच्या नावावर ती बांधी करून द्यायचे ठरवले होते. भोजराजांनी नियम सांगितला तेव्हा प्रथम राग आला, मग कळले की, कायद्याने माझा कावा पकडला. जमीन देऊन मी तिच्या तोंडाकडे न पाहता सुटणार होतो. साक्षीदार झाली तर तिच्यासमोर बसावे लागेल.

कलम ८. हे कलम कोणत्याही मालमत्तेविषयी नाही. भोजराजांनी यावर प्रश्नचिन्ह केले आहे.

महिन्यातून एकदा गोंदियाहून चर्चचे पाळक येतात आणि प्रभूची भाकर मोडून ताटातून सर्वांना देतात. त्याआधी प्रत्येकाने स्वतःला पारखावे असा नेम आहे. मी पाच वर्षे पारखतो आहे. ताट माझ्यापर्यंत आले की मी पोटावर हात ठेवतो आणि ते पुढे सरकवतो. मागच्या महिन्यात गीताबाई ताट घेऊन थांबली.

"आजबी पोट?"

"हो."

"पाच वर्षं झाले गुरुजी पोट दुखून राहिलं तुमचं. डाक्टरले दाखवा."

दाखवले. तेव्हाच हृदयाचे निघाले.

ती गेल्यावर पाळक माझ्याजवळ बसले. मी त्यांना कलम ५ सांगितले नाही, एवढेच म्हणालो की, मी पारखले आणि नापास आहे. ते म्हणाले, "गुरुजी, पास झालेल्यांसाठी हे ताट असतं तर मी ते गोंदियाहून रिकामंच आणलं असतं. पारखून बाहेर बसायचं नसतं, पारखून आत यायचं असतं." मी म्हणालो, विचार करतो. ते म्हणाले, "तुम्ही विचारच करत बसलाय."

मग मी घरी येऊन खरोखरच पारखले. आजवर मी मोजत होतो की, माझा अपराध कृपेत बसतो की नाही. इतका विद्वान माणूस, आणि माप उलटे धरले होते. तलाव कोहळ्याने बांधला, भरला पावसाने. पाळ खचली म्हणून पाऊस पडायचा थांबला, असे आमच्या घराण्यात कोणी ऐकलेले नाही. मला क्षमा आहे. हे मी सुवाच्य अक्षरात लिहितो. धुरपताबाईने सांगितलेले जाळे तुटलेले नाही आणि मी त्यातच आहे, इतक्या खोट्यानंतरही आहे. आणि त्यानेच लाज जास्त वाटते. देवाने टाकून दिले असते तर निदान हिशेब मिटला असता. त्याने धरून ठेवले आहे आणि मी अजून गीताबाईचे पेढे खातो आहे.

कलम ९ व अखेरचे. साक्षीदारांनी मृत्युपत्रातला मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, सही होताना पाहिली की पुरे, असे भोजराज म्हणतात. लोक असेच करतात. पाकीट बंद, सही उघडी. मसुदा संपवला तेव्हा मला फार हलके वाटले, आणि त्या हलकेपणाचाच मला संशय आला. मी मेल्यावर हे उघडेल. लोक वाचतील, गीताबाई वाचेल, आणि मी तिथे नसेन. मृत्युपत्र ही मी आजवर उघडलेली सर्वांत मोठी छत्री आहे.

म्हणून आज दुपारी चार वाजता चुन्नीलालजी आणि गीताबाई सहीसाठी येतील तेव्हा मी हे सर्व त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. चंद्रकांता दारात उभी राहील. त्यानंतर गीताबाई मला पाट देणार नाही, पेढे आणणार नाही, असे होऊ शकते. तो तिचा अधिकार आहे आणि मी त्यावर कोणतीही अट घालत नाही.

मरणाची मला फार भीती नाही. मेल्यावर काय होईल याची तर मुळीच नाही, ते मी कोणाच्या तरी हाती दिले आहे. मला भीती चार वाजण्याची आहे. वाचण्याची कला मला चांगली येते. चौथ्या कलमावर मासा आणि जाळ्याचे ऐकून ते हसतील, आणि त्या हसण्याच्या ओघात मी सराईतपणे पान उलटीन आणि सहाव्यावर जाईन, आणि कोणाला कळणारही नाही. मला स्वतःची हीच काळजी वाटते.

तेव्हा गीताबाई, सातवीपर्यंत शिकलेली आहेस. नक्कल आधी तुझ्या हातात देईन. पाचवे कलम मी गाळले तर मला थांबव.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, शुद्धीवर असताना आणि छत्री कोपऱ्यात मिटवून ठेवून लिहिले.

ठिकाण: सलंगटोला
दिनांक: ६ नोव्हेंबर २०११, रविवार

(सही) परसराम सीताराम पुस्तोडे

साक्षीदार

१. (सही) चुन्नीलाल रहांगडाले, पोलीस पाटील.
माझ्यासमोर सही केली. सन २००६ ची चिठ्ठी माझ्या घरच्या पेटीत आहे, ती उद्या आणून देतो.

२. (सही) गीताबाई वलथरे.
माझ्यासमोर सही केली. गुरुजी पाचव्यापाशी थांबले होते. मी काही बोलली नाही. मग त्यांनी वाचला. आवाज बारीक होता म्हणून मी परत वाचायले लावला. परत वाचला.